खाती वाटली, कास्तकार वाऱ्यावर!

२०२५ च्या ऑगस्टमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील कास्तकार बैलांच्या खांदेमळणीच्या तयारीत होता, पऱ्हाटीला पात्या धरू लागल्या होत्या, आणि गेल्या हंगामाची देणी या हंगामात तरी फिटतील या हिशेबात घरोघरची रात्र सरत होती. नेमक्या त्याच आठवड्यात, पोळ्याला चार दिवस उरले असताना, दिल्लीच्या अर्थ मंत्रालयाने एक अधिसूचना काढून परदेशी कापसावरील ११ टक्के आयात शुल्क शून्यावर आणले. सवलत आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती, पुढे ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली. म्हणजे सीतादही होऊन पहिल्या वेचणीचा कापूस घरात येतो तेव्हापासून सोसायटीचा आणि सावकाराचा तगादा दारात येऊन बसतो तोपर्यंत, परदेशी गाठींसाठी देशाचे दार सताड उघडे! अमेरिकेने भारतीय मालावर जबर आयातकर लादल्यामुळे कापड उद्योग अडचणीत आला आणि त्याला हात देणे प्राप्त होते, असे कारण सांगितले गेले. ते कारण खोटे नव्हते. परंतु गिरणीची अडचण शेतकऱ्याच्या खिशातून का भागवायची, हा साधा प्रश्न उपस्थित करण्यासाठी राष्ट्राच्या त्या विशाल मंत्रिमंडळातील एकाही मंत्र्याने जाहीरपणे तोंड उघडले नाही. सारे गप्प बसले.

हे मौन अपघाताने आलेले नाही. ज्या रीतीने हे मंत्रिमंडळ घडवले गेले, त्या रीतीतच ते पेरलेले होते. ९ जून २०२४ रोजी राष्ट्रपती भवनाच्या प्रांगणात पंतप्रधानांसह ७२ जणांनी शपथ घेतली, तेव्हा स्वबळावर २४० जागांवर अडकलेल्या भारतीय जनता पक्षाला सत्तेसाठी मित्रपक्षांचे खांदे हवे होते आणि प्रत्येक खांद्याचे मोल मोजून द्यावे लागणार होते. तेलुगू देसमचे १६, संयुक्त जनता दलाचे १२, लोकजनशक्तीचे ५ अशी बेरीज मांडली गेली. अवघे २ खासदार असलेल्या धर्मनिरपेक्ष जनता दलाचे एच. डी. कुमारस्वामी अवजड उद्योग आणि पोलाद खात्यांचे कॅबिनेट मंत्री झाले. एकुलत्या एका खासदाराचा पक्ष असलेले जीतनराम मांझीही कॅबिनेट मंत्री झाले. राज्यघटनेच्या ७५ व्या अनुच्छेदाने मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार धरले आहे, आणि ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर रोखली आहे. पण कोणते खाते कोणाला द्यावे, त्या खात्याच्या निर्णयाने ज्यांचे संसार उभे राहतात वा कोसळतात त्यांचा आवाज तेथे असावा की नसावा, हे घटनेने राज्यकर्त्यांच्या विवेकावर सोपवले. विवेकाची जागा बेरजेने घेतली.

आणि या बेरजेत महाराष्ट्राचे पुढारी कशासाठी भांडले? गोंदियाचे प्रफुल्ल पटेल यांना स्वतंत्र प्रभाराचे राज्यमंत्रिपद देऊ केले, ते त्यांनी नाकारले; कारण मनमोहन सिंग यांच्या मंत्रिमंडळात ते कॅबिनेट मंत्री राहिले होते आणि पायरी उतरणे त्यांना मानवणारे नव्हते. ७ खासदारांच्या शिवसेनेला बुलढाण्याच्या प्रतापराव जाधवांच्या रूपाने एकच राज्यमंत्रिपद मिळाले, तेव्हा दोन खासदारांच्या पक्षाला कॅबिनेट आणि आम्हाला राज्यमंत्रिपद का, अशी नाराजी त्या पक्षाच्या खासदाराने उघडपणे बोलून दाखवली. रुसवे झाले, समजुती झाल्या, मुंबईच्या वृत्तवाहिन्यांवर चर्चांचे फड रंगले. या साऱ्या गदारोळात ‘आम्हाला वस्त्रोद्योग द्या, कारण आमच्या माणसाचे पोट कापसावर आहे’, असे एकानेही जाहीरपणे म्हटले नाही. ‘कृषी खात्यात आमचा एक माणूस बसवा, कारण आमच्या गावांत विधवा वाढत आहेत’, हेही कोणाच्या तोंडून ऐकू आले नाही. मानापमान खुर्चीच्या उंचीचा होता. कापूस त्यात कोठेच नव्हता.

कापूस कोठेच नव्हता, कारण दिल्लीत कापसाला धनीच नाही. हमीभावाची शिफारस कृषिमूल्य आयोग करतो, तो कृषी मंत्रालयाच्या छत्राखाली. खरेदी करते भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे आपले सीसीआय, ते वस्त्रोद्योग मंत्रालयाचे. आयात शुल्क अर्थ मंत्रालयाचे. निर्यातीचे धोरण वाणिज्य मंत्रालयाचे. आणि नव्या बियाण्याच्या परवानगीची समिती पर्यावरण मंत्रालयाची. कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान मध्य प्रदेशचे, वस्त्रोद्योगमंत्री गिरिराज सिंह बिहारच्या बेगुसरायचे. त्यांच्या प्रांताशी आमचे वैर नाही. उत्तम माणूस कोठल्याही प्रांताचा असो, तो देशाचाच. परंतु पाच मंत्रालयांच्या पाच दालनांत विभागलेल्या या पिकाची एकत्र जबाबदारी ज्याच्यावर आहे असा एकही मंत्री नाही, आणि भाव कोसळला की कृषीवाले वाणिज्याकडे, वाणिज्यवाले अर्थाकडे आणि अर्थवाले अमेरिकेकडे बोट दाखवून मोकळे होतात. जबाबदारी सामूहिक म्हणजे कोणाचीच नाही, असा या देशात घटनेचा अर्थ लावला गेला आहे!

त्या अर्थाचे फळ पाहायचे असेल, तर दिल्लीच्या दालनांतून उठून हिवाळ्यात घाटंजीच्या किंवा पांढरकवड्याच्या जिनिंगसमोर येऊन उभे राहावे. भल्या पहाटेपासून गाड्यांची रांग लागलेली असते. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपयांचा हमीभाव कागदावर जाहीर झाला होता. पण तो मिळवण्यासाठी आधी ‘कपास किसान’ नावाच्या मोबाइल अ‍ॅपवर नोंदणी हवी, सातबाऱ्यावर कपाशीचा पेरा चढलेला हवा, आपला दिवस उजाडायला हवा. आणि हे सारे जमले तरी शेवटी ओलावा मोजणाऱ्या यंत्राची सुई कापसाच्या ढिगात खुपसली जाते. आकडा १२ च्या वर गेला की गाडी परत. ज्याने किलोमागे वेचाई मोजून, भाड्याची गाडी करून, घरच्या बाईला रात्रभर जागवून माल आणला, तो गाडी परत कशी नेणार? तो फाटकाबाहेर उभ्या असलेल्या व्यापाऱ्याकडे वळतो आणि हमीभावाच्या कितीतरी खाली कापूस टाकून मोकळा होतो. त्या व्यापाऱ्यापाशी भाव पाडण्याचे हत्यार कोणते? स्वस्त परदेशी गाठींचे. ते त्याच्या हाती कोणी दिले? सरकारने.

ज्यांच्या हाती सरकार पाडण्याची शक्ती होती, त्यांना मात्र काय मिळाले तेही पाहा. या सरकारच्या पहिल्याच अर्थसंकल्पात, जुलै २०२४ मध्ये, आंध्रच्या राजधानीसाठी १५,००० कोटी रुपयांच्या साहाय्याची व्यवस्था झाली आणि बिहारच्या रस्त्यांसाठी २६,००० कोटींची घोषणा झाली. अमरावतीला निधी मिळाला हे ऐकून आमच्याकडील कोणी भोळा हरखला असेल, तर त्याने सावध व्हावे. ती अमरावती कृष्णेकाठची, बडनेऱ्याच्या पलीकडची नव्हे. पुढच्या वर्षी बिहारसाठी मखाना मंडळ जाहीर झाले. त्याच अर्थसंकल्पात कापसाच्या उत्पादकतेसाठी ५ वर्षांच्या मोहिमेचीही घोषणा झाली, हे आम्ही न्यायबुद्धीने नोंदवतो. पण उत्पादन वाढवण्याची मोहीम फेब्रुवारीत जाहीर करायची आणि त्या उत्पादनाचा भाव पाडणारी सवलत त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये द्यायची, या कारभाराला धोरण म्हणायचे की थट्टा? आंध्र आणि बिहारच्या पुढाऱ्यांनी आपल्या पाठिंब्याची किंमत आपल्या जनतेसाठी वसूल केली. आमच्यांनी ती आपल्या मोटारीवरच्या दिव्यासाठी वसूल करू पाहिली.

या पापाचे धनी केवळ आजचे राज्यकर्ते आहेत, असे समजून काँग्रेस आणि तिच्या मित्रपक्षांनी टाळ्या पिटू नयेत. २००४ ते २०१४ अशी सलग १० वर्षे दिल्लीत त्यांच्या आघाडीचे राज्य होते आणि कृषी खाते महाराष्ट्राच्याच शरद पवारांच्या हाती होते. याच काळात विदर्भाच्या शेतकरी आत्महत्यांनी देश हादरला, आणि याच काळात देशाचे कृषिमंत्री आधी भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे आणि नंतर आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे अध्यक्ष होते. कामाचा भार हलका करावा, अशी विनंती त्यांनी २०१० मध्ये पंतप्रधानांना केली, ती क्रिकेटचा भार उतरवून नव्हे. २००६ च्या पावसाळ्यात मनमोहन सिंग विदर्भात आले, यवतमाळसह ६ जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर करून गेले. आत्महत्या त्या पॅकेजनंतरही थांबल्या नाहीत. २००८ च्या कर्जमाफीत २ हेक्टरची रेघ ओढली गेली, आणि ज्या कोरडवाहू मुलखात ७-८ एकर असलेला माणूसही पावसाच्या एका खंडाने कफल्लक होतो, तेथील असंख्य शेतकरी त्या रेघेपलीकडे राहून २५ टक्क्यांच्या सवलतीवर बोळवले गेले. सावकाराचे कर्ज तर हिशेबातच नव्हते. डाव्यांनी अमेरिकेशी होणाऱ्या अणुकरारावरून पाठिंबा काढल्यावर, त्याच वर्षी जुलैमध्ये, विश्वासदर्शक ठरावाच्या चर्चेत लोकसभेत यवतमाळच्या एका शेतकरी विधवेचे नाव गाजले. कशासाठी? अणुकराराच्या समर्थनासाठी. सरकार तरले. विधवा वाढतच राहिल्या.

आघाडीच्या राजकारणात रेल्वे खात्याचेही असेच झाले. वाजपेयींच्या काळी ते नितीशकुमार आणि ममता बॅनर्जी यांच्याकडे, मनमोहन सिंगांच्या काळी लालूप्रसाद आणि पुन्हा तृणमूल काँग्रेसकडे, असे मित्रपक्षांना राजी राखण्याचे चलन म्हणून ते फिरत राहिले. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा मार्ग २००८ मध्ये मंजूर झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यावर पहिली गाडी धावली ती वर्ध्याहून कळंबपर्यंत, सुमारे ३९ किलोमीटर! इंग्रजी कंपनीने कापूस वाहून नेण्यासाठी घातलेली आमची अरुंद रुळांची शकुंतला तोवर बंद पडली होती. परकीय कंपनीला आमच्या कापसासाठी रूळ टाकण्याची निकड वाटली. स्वकीय सरकारांना १६ वर्षांत जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणापर्यंत गाडी आणण्याची वाटली नाही. रस्ते झाले, हे मान्य करू. नागपूरच्या नितीन गडकरींच्या खात्याचे काम डोळ्यांना दिसते. पण त्या गुळगुळीत रस्त्यावरून स्वस्तात विकलेला कापूसच बाहेर जाणार असेल, तर लुटीचा वेग तेवढा वाढला.

दिल्लीला यवतमाळ ठाऊक नाही, असे कोणी म्हणू नये. दिल्लीला यवतमाळ फार चांगले ठाऊक आहे, पण व्यासपीठ म्हणून. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने १९ मार्च १९८६ रोजी बायकामुलांसह जीवन संपवले, आणि त्या दिवसाची आठवण ठेवून आजही सुजाण माणसे उपवास करतात. २० मार्च २०१४ रोजी, त्या स्मरणदिनाच्या दुसऱ्याच दिवशी, पंतप्रधानपदाचे उमेदवार नरेंद्र मोदी आर्णी तालुक्यातील दाभडीत चहा घेत शेतकऱ्यांशी बोलले. त्यांच्या पक्षाचा जाहीरनामा उत्पादन खर्चावर ५० टक्के नफ्याचे वचन देत होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये ते पंतप्रधान म्हणून पांढरकवड्यात आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये यवतमाळजवळच्या भारी येथे आले आणि किसान सन्मानाचा १६ वा हप्ता येथूनच देशभर सोडला. तिन्ही भेटी लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर! मधल्या काळात, २०१७ च्या पावसाळ्यात, माणसाच्या डोक्याच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत विषारी फवारा तोंडावर घेत मजूर कोसळू लागले, वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या खाटा अपुऱ्या पडल्या, २० च्या आसपास माणसे मेली. त्या वेळी वणी आणि आर्णीचे खासदार हंसराज अहीर केंद्रात मंत्री होते; पण त्यांचे खाते गृह आणि कीटकनाशके कृषीची. कीटकनाशकांचा कायदा १९६८ चा. त्याची जागा घेणारी विधेयके २००८ मध्ये आणि २०२० मध्ये संसदेत आली आणि तेथेच रेंगाळली. मतांसाठी धावत येणारे सरकार विष रोखण्यासाठी पाऊल उचलत नाही.

आता घराकडे वळू, कारण घरची लबाडी अधिक संतापजनक आहे. मतदारसंघांच्या फेररचनेने हा जिल्हा तीन तुकड्यांत वाटला गेला आहे: वणी आणि आर्णी चंद्रपूरला, उमरखेड हिंगोलीला, उरलेला भाग वाशीमच्या जोडीला. २०२४ मध्ये तिन्ही जागा विरोधी पक्षांनी जिंकल्या. म्हणजे जिल्ह्याला लोकसभेत एकाऐवजी तीन आवाज आहेत. तरीही कापसासाठी हे तिघे एका सुरात गर्जल्याने सभागृहाचे काम थांबले, असे दृश्य आम्ही अजून पाहिलेले नाही. आणि राज्यात? १५ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात ३९ मंत्र्यांनी शपथ घेतली, त्यांत यवतमाळचे तिघे: दिग्रसचे संजय राठोड शिवसेनेकडून, राळेगावचे अशोक उईके भारतीय जनता पक्षाकडून, पुसदचे इंद्रनील नाईक राष्ट्रवादीकडून. विधानसभेच्या ७ जागांच्या जिल्ह्यात तीन मंत्री, सत्तेतील तिन्ही पक्षांचा एकेक! फटाके फुटले, चौकाचौकांत फलक लागले, जेसीबीवरून फुले उधळण्यात आली. ज्या जिल्ह्याने वसंतराव आणि सुधाकरराव असे दोन मुख्यमंत्री महाराष्ट्राला दिले, त्याचे भाग्य पुन्हा उजळले, अशी भाषणे झाली. मग आठच महिन्यांनी कापसाचे शुल्क उठले, तेव्हा या तिघांपैकी कोणी दिल्लीची गाडी पकडली? तिघांचेही पक्ष दिल्लीतील सत्ताधारी आघाडीत होते; तिघे एकत्र उभे राहिले असते, तर तो एका पक्षाचा रुसवा ठरला नसता, ती संपूर्ण जिल्ह्याची फिर्याद झाली असती. ती फिर्याद दाखल झालीच नाही.

या सर्वांना आम्ही याच मातीतील एका माणसाची आठवण करून देतो. वणीचे माधव श्रीहरी अणे, ज्यांना लोकांनी लोकनायक म्हटले, ते १९३० मध्ये पुसदच्या जंगल सत्याग्रहात तुरुंगात गेले आणि १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य झाले. दिल्लीच्या सत्तेतील इतके उंच आसन त्या काळी मोजक्याच हिंदी माणसांच्या वाट्याला येई. फेब्रुवारी १९४३ मध्ये स्थानबद्ध गांधीजींनी उपोषण आरंभले, त्यांचे प्राण संकटात आले आणि सरकार त्यांना सोडेना, तेव्हा बापूजी अणे यांनी होमी मोदी आणि नलिनी रंजन सरकार यांच्यासह ते आसन सोडले. पद नाकारण्याची उदाहरणे विदर्भाने दोन्ही पाहिली: एक सदसद्विवेकासाठी, दुसरे दर्जासाठी. ८० वर्षांत आम्ही कोठून कोठे आलो, हे मोजायला याहून दुसरे माप नको.

आणि वाचकहो, दोष केवळ त्यांचा नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे आत्महत्येची प्रकरणे येतात. जमीन नावावर होती का, कर्ज बँकेचे होते का, वसुलीचा तगादा होता का, हे तपासून मेलेल्या माणसावर ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शिक्का मारला जातो. पात्र ठरला तर १ लाख: ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. २००६ च्या सुमारास ठरलेली ही रक्कम वर्षानुवर्षे जागची हलली नाही, आणि ठेवीची मुदत सरण्याची वाट पाहत बसलेल्या त्याच्या विधवेच्या दारावरूनच आम्ही मंत्र्यांच्या सत्काराच्या मिरवणुका नेतो. आपल्या जातीचा मंत्री झाला, आपल्या तालुक्याचा झाला, आपल्या गटाचा झाला, एवढ्यावर आमची छाती फुगते; तो कोणत्या खात्यात बसला, तेथे काय बोलला, कोणत्या ठरावाला माना डोलावून आला, हे विचारण्याची आम्हाला लाज वाटते. जनता सवाल विचारीत नाही, म्हणून पुढारी सौदा करतो.

हा प्रकार येथे थांबला पाहिजे. शेतकऱ्याच्या घरात कापूस येत असताना, ऑक्टोबर ते मार्च या काळात, कापूस पिकवणाऱ्या राज्यांना विचारल्याशिवाय आयात शुल्काला हात लावला जाणार नाही, अशी लेखी हमी दिल्लीने द्यावी. कापसाचा भाव, खरेदी आणि आयात यांची एकत्र जबाबदारी एका कॅबिनेट मंत्र्यावर ठेवावी, आणि भाव हमीच्या खाली गेला तर त्यालाच लोकसभेत उभे करावे. शिवसेनेच्या ७ खासदारांनी दर्जाची रडगाणी आवरून ही अट पुढे ठेवावी. ज्या सरकारला बहुमतासाठी मित्रांचे खांदे लागतात, त्याला या सात खांद्यांचे ऐकावेच लागेल. जिल्ह्याच्या तिन्ही खासदारांनी पुढच्या अधिवेशनात कापसाखेरीज दुसरा विषय तोंडात घेऊ नये. आणि यवतमाळच्या तिन्ही मंत्र्यांनी एकाच गाडीत बसून, खिशात राजीनामे ठेवून, दिल्लीला जावे व तेथे काय मागितले आणि काय मिळाले ते परत येऊन समता मैदानावर भर सभेत सांगावे. तोवर या जिल्ह्यात कोणाच्याही गळ्यात हार पडता कामा नये. हार हवा असेल तर आधी हिशेब द्या; हिशेब देता येत नसेल तर खुर्ची सोडा!